कायद्याचा मसुदा मानवी हक्कांच्या कसोटीवर: नागरी समाजाच्या सहभागाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागरी समाज म्हणजे नेमके कोण?

नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था एवढाच अर्थ घेतला तर बरेच लोक बाहेर राहतात. कामगार संघटना, वकिलांच्या संघटना, अपंगांच्या आणि स्थलांतरितांच्या संघटना, महिलांचे गट, पत्रकार, विद्यापीठांतले अभ्यासक, धार्मिक संस्था, कुठेही नोंद नसलेला रहिवाशांचा गट, हे सगळे त्यात येतात. मत देण्यासाठी नोंदणी प्रमाणपत्राची अट घालूच नये, कारण कायद्याचा फटका ज्यांना सर्वांत आधी बसतो ते बहुधा असंघटितच असतात.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग यात मोडत नाही. तो राज्ययंत्रणेतलाच, पण स्वायत्त भाग असतो. अशा आयोगांसाठी आखलेल्या १९९३ च्या पॅरिस तत्त्वांनुसार विधेयके तपासून शिफारशी करणे हे त्याचे स्वतःचे काम आहे. त्यामुळे आपल्या निवेदनाची एक प्रत आयोगाकडे जरूर पाठवावी.

सरकारचे विधी खाते मसुदा तपासतेच. मग बाहेरच्यांची गरज कशाला?

मसुदा राज्यघटनेशी आणि इतर कायद्यांशी जुळतो का, हे विधी खाते पाहते. तोच मसुदा पोलीस ठाण्यात किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर कसा वापरला जाईल, हे कागदावरून दिसत नाही. ‘ओळखपत्र सादर केल्यावर लाभ देण्यात येईल’ हे वाक्य निर्दोष वाटते. ज्याला कायमचा पत्ता नाही त्याच्यासाठी याच वाक्याने दार बंद होते, ही गोष्ट बेघरांसोबत काम करणाऱ्यांच्या चटकन लक्षात येते.

दुसरे कारण हितसंबंधाचे आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे, विधेयक हक्कांशी सुसंगत आहे की नाही, याबद्दल मंत्र्याला निवेदन करावे लागते. ऑस्ट्रेलियात २०११ च्या कायद्याने तसेच निवेदन बंधनकारक केले. पण हे निवेदन विधेयक आणणाऱ्याच्याच बाजूने येते. म्हणून दोन्ही देशांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची संयुक्त मानवी हक्क समिती वेगळी तपासणी करते. ब्रिटनची समिती त्यासाठी बाहेरून लेखी निवेदनेही मागवते.

सहभागाचा हक्क कुठे लिहिलेला आहे?

नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातले कलम २५ सार्वजनिक कारभारात भाग घेण्याचा हक्क देते. हा हक्क कसा अमलात आणावा याची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०१८ साली तयार केली. काही गटांसाठी नियम अधिक कडक आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या कराराचे कलम ४(३) सांगते, की त्यांच्याशी संबंधित कायदे करताना त्यांच्या प्रतिनिधी संघटनांशी सल्लामसलत करावीच लागेल. आदिवासी आणि मूलनिवासी समूहांबाबत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९ चा करार क्रमांक १६९ तसे बंधन घालतो. बालहक्क करारातल्या कलम १२ मुळे मुलांनाही आपल्या बाबतीतल्या निर्णयांत मत मांडण्याचा हक्क आहे.

आपल्या देशाने यांपैकी कोणत्या करारांना मान्यता दिली आहे आणि कोणत्या कलमांवर आक्षेप राखून ठेवला आहे, हे निवेदन लिहिण्याआधी तपासावे. मान्यता न दिलेल्या कराराचा हवाला बंधनकारक म्हणून दिला, की विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीतला पहिलाच प्रश्न त्यावर येतो आणि बाकीचे निवेदन मागे पडते.

नेमके कोणत्या टप्प्यावर शिरायचे?

शक्य तितक्या लवकर. विधेयक सभागृहात मांडले गेले, की मंत्र्यांची प्रतिष्ठा त्याच्याशी बांधली जाते आणि शब्द बदलणे म्हणजे माघार घेणे असे समजले जाते. धोरणाचा कच्चा आराखडा किंवा अभ्यासगटाचा अहवाल निघतो, तेव्हा अधिकारी अजून पर्याय शोधत असतात. त्या वेळी दिलेले दोन पानांचे टिपण नंतरच्या चाळीस पानांपेक्षा जास्त काम करते.

पुढचे टप्पे साधारण असे येतात: खात्याचा मसुदा आणि त्यावर हरकती-सूचना, मंत्रिमंडळाची मंजुरी, सभागृहात पहिले वाचन, समितीकडे रवानगी, कलमवार चर्चा, अंतिम मतदान. समितीचा टप्पा ही शब्द बदलून घेण्याची शेवटची चांगली संधी असते. कलमवार चर्चेच्या दिवशी सुधारणा दाखल करता येते, पण ती सदस्यामार्फतच. त्यामुळे ती विधेयकाच्या भाषेत, क्रमांकासह तयार करून आदल्या दिवसापर्यंत सदस्याच्या हाती द्यावी लागते.

किती दिवसांची मुदत पुरेशी म्हणायची?

युरोपीय आयोग मोठ्या प्रस्तावांवर जाहीर विचारविनिमयासाठी १२ आठवडे ठेवतो. स्वीडनमध्ये प्रस्ताव संबंधित संस्थांकडे अभिप्रायासाठी पाठवण्याची जुनी पद्धत आहे आणि त्यासाठी साधारण तीन महिने दिले जातात. भारतात २०१४ च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आहे. मात्र हे धोरण आहे, कायदा नाही.

आमच्या मते ३० दिवस ही तळाची मर्यादा आहे. संघटनेला आठवडाभर मसुदा वाचायला लागतो, दोन आठवडे बाधित लोकांपर्यंत पोहोचून त्यांचे म्हणणे समजून घ्यायला आणि एक आठवडा लिहायला. भाषांतर करायचे असेल तर ही मुदत तेव्हाच अपुरी पडते. सण किंवा निवडणुकीच्या काळात मुदत ठेवली असेल, तर पहिल्या तीन दिवसांतच लेखी मुदतवाढ मागावी आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी. पुढे न्यायालयात जावे लागले तर ती पोच उपयोगी पडते.

मसुदा हातात आला. वाचायला सुरुवात कुठून करायची?

उद्देश आणि कारणांचे निवेदन आधी वाचा, पण त्यावर विसंबू नका. कायदा काय साधू पाहतो ते तिथे कळते. कायदा प्रत्यक्षात काय करू देतो, ते व्याख्यांच्या कलमात दडलेले असते. व्याख्येत ‘यात पुढील बाबींचा समावेश होतो’ असे असेल तर यादी उघडी आहे. ‘म्हणजे’ असे असेल तर ती बंद आहे. एवढ्या फरकाने कायद्याच्या जाळ्यात कोण सापडते ते बदलते.

नंतर अधिकार देणारी कलमे घ्या: झडती, जप्ती, ताबा, मनाई, माहिती मागवणे. प्रत्येकापुढे चार प्रश्न लिहा. हा अधिकार कोणाला? कशाच्या आधारावर? किती काळ? चुकला तर दाद कुठे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर मसुद्यात सापडले नाही, तर ती तुमची पहिली हरकत.

त्यानंतर शिक्षा, अपील, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारे कलम आणि नियम करण्याचा अधिकार. शेवटी निरसन व व्यावृत्ती (जुना कायदा रद्द करणारे आणि त्यातले काय कायम राहील ते सांगणारे कलम) आणि अनुसूची, कारण घाईत वाचणारे तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

काही शब्दांपाशी थांबायचेच. ‘आवश्यक वाटेल तेव्हा’, ‘प्राधिकाऱ्याच्या मते’, ‘किंवा विहित करण्यात येईल अशी इतर कोणतीही बाब’, ‘त्या त्या वेळी अंमलात असलेल्या अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’. यातला शेवटचा वाक्प्रयोग इतर कायद्यांतली सगळी संरक्षणे एका फटक्यात बाजूला सारू शकतो.

सुधारणा विधेयक तर वाचून काहीच कळत नाही. काय करावे?

मूळ कायद्याची अद्ययावत प्रत घ्या आणि त्यात नवे शब्द एका रंगात भरा, काढलेले दुसऱ्या रंगात खोडून ठेवा. ‘कलम ७ मधील “आणि” या शब्दाऐवजी “किंवा” हा शब्द दाखल करण्यात यावा’ ही ओळ विधेयकात क्षुल्लक दिसते. मूळ कलमात ताब्यात घेण्यासाठी ‘संशयाचे सबळ कारण आणि न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश’ अशा दोन्ही अटी लागत असतील, तर आता त्यांतली कोणतीही एक पुरते. एका अव्ययाने संपूर्ण न्यायिक देखरेख निघून जाते. ही एकत्र केलेली प्रत इतर संघटनांना आणि सदस्यांनाही द्या. ती त्यांच्याकडेही बहुधा नसते.

कसोटी नेमकी कोणती लावायची?

आधी हक्काचा प्रकार पाहा. छळापासून मुक्तता आणि गुलामगिरीला मनाई यांना अपवादच नाही. तिथे ‘प्रमाणात आहे का’ हा प्रश्नसुद्धा विचारायचा नसतो. अभिव्यक्ती, सभा, संघटना, खासगीपणा यांसारख्या हक्कांवर बंधने घालता येतात. त्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत: बंधन स्पष्ट कायद्याने घातलेले असावे, त्याचा हेतू करारात मान्य केलेल्या हेतूंपैकी असावा, ते खरोखर आवश्यक असावे, त्याहून सौम्य उपायाने काम भागत नसावे आणि त्यातून भेदभाव होऊ नये. बंधनांचा अर्थ कसा लावावा यासाठी १९८४ ची सिराक्यूझा तत्त्वे आजही हाताशी ठेवण्यासारखी आहेत. आरोग्य, शिक्षण, निवारा या हक्कांबाबत आणखी एक प्रश्न: आज मिळत असलेले काही या मसुद्याने काढून घेतले जाते आहे का, आणि असेल तर त्याचे समर्थन काय?

हे एखाद्या कलमावर करून दाखवाल का?

समजा, मसुद्यातले कलम १२ असे आहे:

‘(१) सार्वजनिक ठिकाणी दहापेक्षा अधिक व्यक्तींच्या कोणत्याही जमावास सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक राहील. (२) शांतता भंग होण्याची शक्यता आहे असे प्राधिकाऱ्याचे मत झाल्यास त्यास परवानगी नाकारता येईल. (३) या कलमाचे उल्लंघन करणारी व्यक्ती तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र राहील.’

‘कोणत्याही जमावास’ म्हटल्यावर अंत्ययात्राही आली. ‘पूर्वपरवानगी’ने हक्काची मेहेरबानी होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने शांततापूर्ण सभेच्या हक्कावर २०२० साली दिलेल्या सामान्य टिप्पणी क्रमांक ३७ मध्ये परवानगीच्या अटीला हरकत घेतली आहे. आगाऊ सूचना मागता येते, मात्र उत्स्फूर्त सभांना तीही लागू करू नये, असे त्यात म्हटले आहे. ‘शक्यता’ किती, आणि शांतता भंग करणार कोण? सभेतले लोक, की सभेवर चालून येणारे? दुसऱ्यांच्या हिंसेमुळे सभेलाच मनाई करण्याची वाट इथे मोकळी राहते. ‘मत झाल्यास’ मध्ये कारणे लिहिण्याची सक्ती नाही. निर्णय किती दिवसांत द्यायचा ते नाही, अपीलही नाही. शिक्षेत आयोजक आणि कडेला उभा राहून भाषण ऐकणारा, दोघांना एकच माप.

इथे फक्त ‘कलम १२ रद्द करा’ असे लिहून थांबू नये. समितीला मान्य करता येतील असे शब्द पुढे ठेवावेत:

‘(१) सार्वजनिक ठिकाणी सभा भरवणाऱ्या आयोजकाने प्राधिकाऱ्यास ४८ तास आधी लेखी सूचना द्यावी. परंतु, आकस्मिक घटनेच्या निमित्ताने उत्स्फूर्तपणे भरणाऱ्या सभेस ही अट लागू होणार नाही. (२) हिंसाचाराचा वास्तव व नजीकचा धोका असेल आणि वेळ, जागा किंवा मार्ग बदलूनही तो टळत नसेल, तरच प्राधिकाऱ्यास लेखी कारणे नोंदवून मनाई करता येईल. असा आदेश सूचना मिळाल्यापासून १२ तासांच्या आत द्यावा आणि त्याविरुद्ध न्यायालयात तातडीने दाद मागता येईल. (३) केवळ सूचना दिली नाही या कारणावरून सभेत सहभागी होणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस शिक्षा करता येणार नाही.’

४८ तासांत १२ तास निर्णयासाठी गेले, की न्यायालयासाठी ३६ उरतात. आकडे सुचवताना असा हिशेब करूनच सुचवावेत.

लेखी निवेदन किती मोठे असावे आणि त्यात काय हवे?

आठ-दहा पाने पुरेत. पहिल्या पानावर तुम्ही कोण, मसुद्याची कोणती आवृत्ती आणि कोणत्या तारखेची प्रत वाचली, आणि तुमच्या चार-पाच मुख्य मागण्या. त्यानंतर पाच रकान्यांचा तक्ता: कलम क्रमांक, मसुद्यातले शब्द, हरकत, बाधित होणारा हक्क व त्याचा आधार, सुचवलेले शब्द. अधिकारी हाच तक्ता उचलून पुढच्या बैठकीत ठेवतात, म्हणून तो संपादन करता येईल अशा फाइलमध्येही द्या. आवृत्तीची तारीख लिहायला विसरू नका. मसुदा मध्येच बदलतो, कलमांचे क्रमांक सरकतात आणि तुमची हरकत भलत्याच कलमाला चिकटते.

निवेदने बहुतेक ठिकाणी प्रसिद्ध होतात. एखाद्या पीडित व्यक्तीचा अनुभव लिहिणार असाल, तर तिला हे आधी समजावून सांगा आणि लेखी संमती घ्या. नाव काढले म्हणजे ओळख लपली असे होत नाही. गाव, वय, व्यवसाय आणि घटनेची तारीख एकत्र आली की माणूस ओळखू येतो. गोपनीय भाग स्वतंत्र जोडपत्रात द्यावा आणि वर ठळकपणे ‘प्रसिद्धीसाठी नाही’ असे लिहावे.

समितीसमोर साक्षीला बोलावले तर?

सुरुवातीचे बोलणे पाच ते सात मिनिटांत संपवा. खरे काम प्रश्नोत्तरांत होते. निवेदन वाचून दाखवू नका, ते सदस्यांच्या पुढ्यात असते. ‘ही सुधारणा मान्य झाली नाही तर दुसरे काय चालेल?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर संघटनेत आधी ठरलेले असावे आणि कशावर तडजोड नाही हेही. माहीत नसलेल्या गोष्टीवर अंदाज बांधू नका. ‘लेखी कळवतो’ म्हणा आणि दोन दिवसांत खरोखर कळवा.

एकाच नमुन्याची हजारो पत्रे पाठवणे उपयोगी ठरते का?

जनमताचा रेटा दिसतो, पण तपासणीत अशी पत्रे बहुधा एकच सूचना म्हणून धरली जातात. नमुन्यात प्रत्येकाने स्वतःच्या कामाशी किंवा जगण्याशी जोडलेली दोन वाक्ये घातली, तर वजन बदलते.

ज्यांच्यावर परिणाम होणार तेच लोक बैठकीला येत नाहीत. असे का?

बहुतेक वेळा कारण साधे असते. बैठक कामाच्या वेळेत असते, प्रवासखर्च कोणी देत नाही, मसुदा राजभाषेत किंवा इंग्रजीत असतो आणि घरच्या भाषेत त्याचा सारांशही नसतो. अंध व्यक्तीला पडद्यावरील मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचता येणारी फाइल लागते. कागद स्कॅन करून बनवलेली प्रत तिच्यासाठी कोरी असते. बहिऱ्या व्यक्तींसाठी सांकेतिक भाषेचे दुभाषे लागतात, आणि लांब बैठकीत एक दुभाषा थकतो म्हणून दोन. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी सोप्या भाषेतली, छोट्या वाक्यांची आवृत्ती हवी.

भीती हेही कारण असते. कागदपत्रे नसलेले स्थलांतरित किंवा पोलिसांविरुद्ध बोलणारे लोक उघड सुनावणीला येणार नाहीत. त्यांच्यासाठी बंद बैठक किंवा संघटनेमार्फत नाव न घेता मत नोंदवण्याची सोय हवी. फक्त कायमच्या ओळखीच्या दोन-चार संस्थांना बोलावून ‘नागरी समाजाशी चर्चा झाली’ असे इतिवृत्तात लिहिणे ही लोकांची फसवणूक आहे.

संघटनांमध्येच एकमत नसेल तर?

मतभेद लपवू नका. ज्या कलमांवर एकमत आहे त्यांचे संयुक्त निवेदन द्या, उरलेल्यांवर स्वतंत्र. ओढूनताणून एकमत करताना धारदार मागण्या बोथट होतात आणि सर्वांत दुबळ्या गटाची मागणी आधी गळते.

आम्ही समितीच्या सचिवालयात काम करतो. आमच्या बाजूने काय नीट असावे?

ब्रिटिश न्यायालयांनी १९८५ च्या गनिंग खटल्यापासून जी चार तत्त्वे वापरली आहेत, ती कोणत्याही देशात टाचण म्हणून लावता येतील: निर्णय अजून घडण्याच्या अवस्थेत असताना विचारा, लोकांना विचार करून उत्तर देता येईल इतकी कारणे द्या, पुरेसा वेळ द्या आणि आलेली मते मनापासून विचारात घ्या.

सर्वांत जास्त दुर्लक्ष चौथ्याकडे होते. त्यावर उपाय म्हणजे प्रतिसाद तक्ता: कोणी सूचना केली, कोणत्या कलमावर, मान्य, अंशतः मान्य की अमान्य, आणि कारण. ‘सूचनांची नोंद घेतली’ हे कारण नव्हे. तक्ता अंतिम मतदानाच्या आधी प्रसिद्ध व्हावा. नंतर निघालेला तक्ता इतिहासाच्या कामाचा.

सूचना फेटाळल्या, उत्तरही नाही. पुढे काय?

काही देशांत ही प्रक्रियाच न्यायालयात तपासली जाते. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००६ साली डॉक्टर्स फॉर लाइफ खटल्यात दोन आरोग्यविषयक कायदे अवैध ठरवले, कारण संसदेच्या प्रांतिक सभागृहाने लोकांना सामावून घेण्याचे घटनात्मक कर्तव्य पाळले नव्हते. दोष सुधारण्यासाठी संसदेला १८ महिने मिळाले. २०१६ साली त्याच न्यायालयाने जमीन परत मिळण्याच्या हक्कांसंबंधीचा एक सुधारणा कायदा, लोकसहभागाचे वेळापत्रक घाईचे होते म्हणून रद्द ठरवला. अशा खटल्यात मुदतवाढीचे पत्र, सुनावणीच्या नोटिशीची तारीख आणि निवेदनाची पोच हाच पुरावा असतो.

जिथे असा मार्ग नाही तिथे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक (एकेका हक्कासाठी नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) मसुद्यावर सरकारला पत्र लिहू शकतात. त्यांना आपल्या निवेदनातला तक्ता आणि मसुद्याचे भाषांतर लवकर पाठवावे. युरोप परिषदेचा व्हेनिस आयोग, म्हणजे घटनात्मक बाबींवर सल्ला देणारी तज्ज्ञांची संस्था, हाही मसुद्यांवर मत देतो, पण संघटनांच्या थेट विनंतीवरून नाही. ती विनंती सरकार, संसद किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेकडून जावी लागते. मानवी हक्क करारांच्या पालनावर देखरेख करणाऱ्या समित्यांपुढे आणि संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवी हक्क स्थितीच्या होणाऱ्या सार्वत्रिक आवर्ती आढाव्यात देशाची पाळी येते, तेव्हाही हीच कागदपत्रे पुन्हा कामी येतात.

सहभागी झालो तर वाईट विधेयकाला मान्यता दिल्यासारखे होणार नाही का?

ही भीती खरी आहे. विधेयकाचा गाभाच हक्कांच्या विरोधात असेल, तर निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात तसे लिहा: ‘या विधेयकास आमचा मूलतः विरोध आहे. पुढील सूचना हा विरोध कायम ठेवून केल्या आहेत.’ संयुक्त पत्रकावर किंवा छायाचित्रात आपले नाव ‘समर्थक’ म्हणून वापरले जाणार नाही, हे आधी लेखी ठरवून घ्या. पूर्ण बाहेर राहण्याने हात स्वच्छ राहतात, पण तपशिलातले नुकसान टाळायला आत कोणीच उरत नाही. निर्णय प्रत्येक संघटनेने आपल्या लोकांना विचारून घ्यावा.

कायदा झाल्यावर काम संपते का?

संपत नाही, कारण नियम अजून व्हायचे असतात. अर्ज कोणत्या नमुन्यात, शुल्क किती, माहिती किती वर्षे साठवायची, हे बहुधा नियमांतच ठरते. समितीत जिंकलेली सुधारणा तिथे निसटू शकते: कायद्यात ‘तातडीने दाद’ आहे, पण नियमांनी अपिलाला सात दिवसांची पडताळणी लावली, की सभेची तारीख उलटून जाते. प्रारूप नियमांवरच्या हरकतींची मुदत लहान असते आणि सूचना अनेकदा फक्त राजपत्रात येते. राजपत्र दर आठवड्याला चाळण्याचे काम संघटनेतल्या एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावे आणि ती रजेवर असताना कोणी पाहायचे हेही ठरवून ठेवावे.